इलेक्ट्रॉनला दाब कळतो का?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना मधेमधे येणारे 'म्हणजे' आणि 'ओके' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी.)

नेहमी आपण डेटाबेस, सर्व्हर, कोड असल्या गोष्टींवर बोलतो. आज एकदम दुसरीकडे जायचंय. आजचा विषय आहे द्रव पदार्थात मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन, आणि त्या द्रवावर हजारो पट दाब टाकला की त्याचं काय होतं.

मी बीटेक कॉम्प्युटरवाला. केमिस्ट्री पहिल्या वर्षानंतर सुटली. पण गेले काही महिने मी याबद्दल वाचतोय, कारण यात एक प्रश्न आहे जो आमच्या धंद्यात रोज येतो. आतमध्ये डोकावता येत नाही अशी एखादी गोष्ट आहे. तिच्या रचनेबद्दल दोन वेगळी मतं आहेत, आणि दोन्ही मतं हाताशी असलेल्या बऱ्याच टेस्ट पास होतात. मग खरं कोण, हे ठरवायचं कसं? या गोष्टीत त्याचं उत्तर दाबाने दिलं. किंवा निदान उत्तराचा मोठा भाग दाबाने दिला. तेच आज सांगतो.

निळा अमोनिया

सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीची आहे. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये पोटॅशियम धातू वेगळा केला आणि मग तो निरनिराळ्या पदार्थांबरोबर ठेवून काय होतं ते बघत बसला. अमोनिया वायूत पोटॅशियम तापवल्यावर त्याला सुंदर निळा रंग दिसला. त्याचा अर्थ त्या काळात लागणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडायला अजून नव्वद वर्षं बाकी होती. पुढे १८६४ मध्ये वाइल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने द्रवरूप अमोनियात सोडियम, पोटॅशियम विरघळवून तोच निळा रंग मिळवला.

गंमत बघा. सोडियम टाका, पोटॅशियम टाका, लिथियम टाका. रंग तोच. म्हणजे रंग धातूचा नाही. मग कोणाचा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स क्रॉस या अमेरिकन शास्त्रज्ञाने या द्रावणांतून वीज कशी वाहते ते मोजलं आणि सांगितलं की धातूचा अणू इथे फुटतो. एक धन आयन होतो आणि एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. तो सुटा इलेक्ट्रॉन अमोनियाच्या रेणूंनी वेढला जातो. १९१८ मध्ये गिब्सन आणि आर्गो यांनी अशा इलेक्ट्रॉनसाठी 'सॉल्व्हेटेड इलेक्ट्रॉन' हा शब्द वापरला. मराठीत 'द्रावकाने वेढलेला इलेक्ट्रॉन' म्हणता येईल, पण मी सॉल्व्हेटेडच म्हणतो, ते तोंडात बसतं.

पाण्यातही हे होतं, पण तिथे तो फार थोडा वेळ टिकतो. म्हणून तो उशिरा सापडला. १९६२ मध्ये एडविन हार्ट आणि जॅक बोग यांनी पाण्यावर वेगवान इलेक्ट्रॉनचा अगदी छोटा झोत सोडला, काही मायक्रोसेकंदांचा, आणि त्याच क्षणी पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. सुमारे ७२० नॅनोमीटरला, म्हणजे लाल रंगाच्या टोकाला, एक रुंद पट्टा शोषला गेलेला दिसला. पाण्यातल्या सॉल्व्हेटेड इलेक्ट्रॉनची ही सही. याला हायड्रेटेड इलेक्ट्रॉन म्हणतात.

इथे एक गोंधळ आधीच मिटवतो, कारण पुढे तो येणार. द्रावण निळं दिसतं, कारण ते लाल प्रकाश खातं आणि निळा सोडून देतं. पुढे मी 'वर्णपट निळ्याकडे सरकला' असं म्हणेन. त्याचा अर्थ द्रावण जास्त निळं झालं असा नाही. जो प्रकाश शोषला जातो त्याची तरंगलांबी कमी झाली, म्हणजे ऊर्जा वाढली, इतकाच त्याचा अर्थ. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

इलेक्ट्रॉन जागा खातो

आता मुख्य मुद्दा. अमोनियात धातू विरघळवला की द्रावण फुगतं. धातूचं आकारमान अधिक अमोनियाचं आकारमान, याच्यापेक्षा द्रावण जास्त जागा घेतं. लिथियमचं अमोनियातलं संपृक्त द्रावण तर इतकं हलकं असतं की त्याची घनता साधारण ०.४८ भरते. घन लिथियमची घनता ०.५३ आहे आणि द्रव अमोनियाची उकळबिंदूपाशी ०.६८. दोघांपेक्षा मिश्रण हलकं! खोलीच्या तापमानाला ज्ञात असलेल्या द्रवांमध्ये हा सगळ्यात हलका मानला जातो.

ही जास्तीची जागा कोण घेतं? इलेक्ट्रॉन. वजनाने तो हायड्रोजनच्या अणूच्या अठराशेव्या भागाइतका, पण अमोनियात तो स्वतःभोवती साधारण तीन अँगस्ट्रॉमपेक्षा थोड्या जास्त त्रिज्येची पोकळी करून बसतो. आजूबाजूचे अमोनियाचे रेणू आपले हायड्रोजन त्याच्याकडे वळवून उभे राहतात.

एवढासा इलेक्ट्रॉन आणि एवढी मोठी जागा, हे का? कारण क्वांटम यांत्रिकीत हलका कण म्हणजे एक बिंदू नसतो, तो पसरलेली लाट असतो. आणि लाटेला जितक्या छोट्या डब्यात कोंबाल तितकी तिची ऊर्जा वाढते. डब्याची रुंदी निम्मी केली तर ऊर्जा चौपट. म्हणून इलेक्ट्रॉन आतून भिंती ढकलत राहतो. त्याला प्रशस्त जागा लागते. द्रव बाहेरून ढकलतो, इलेक्ट्रॉन आतून ढकलतो, आणि कुठेतरी तडजोड होते. ती तडजोड म्हणजे पोकळीचा आकार.

आता बाहेरचा दाब वाढवा. तडजोड बदलणारच. म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. हो, इलेक्ट्रॉनला दाब कळतो, त्याच्या पोकळीच्या भिंतींमधून कळतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण: द्रव हेलियम

पाणी फार गुंतागुंतीचं आहे. म्हणून आधी साधी केस घेऊ, जशी आपण डीबग करताना घेतो. द्रव हेलियम. हेलियमचे अणू इलेक्ट्रॉनला अजिबात जवळ येऊ देत नाहीत. इलेक्ट्रॉनला द्रव हेलियमच्या आत ढकलायला सुमारे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. त्यामुळे तो आत शिरला की एक चक्क बुडबुडा करून बसतो. याला इलेक्ट्रॉन बबल म्हणतात. इथे रेणूंचं वळणं नाही, हायड्रोजन बंध नाहीत. फक्त तीन गोष्टी आहेत. एक, कोंबलेल्या लाटेची ऊर्जा, जी त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. दोन, बुडबुड्याच्या पृष्ठताणाची ऊर्जा, जी त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. तीन, बाहेरच्या दाबाविरुद्ध जागा करण्याची ऊर्जा, म्हणजे दाब गुणिले बुडबुड्याचं आकारमान. तिन्हींची बेरीज करा आणि ती सगळ्यात कमी कुठल्या त्रिज्येला होते ते शोधा. झालं.

हे मी पायथॉनमध्ये लिहिलं. तीसेक ओळींचा कोड आहे. बारावीच्या मुलालासुद्धा जमेल, आणि जमवाच असं मी सांगेन. पृष्ठताण ०.०००३७५ न्यूटन प्रति मीटर घ्यायचा, बाकी इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक. उत्तरं अशी येतात.

दाब शून्य: त्रिज्या सुमारे १८.९ अँगस्ट्रॉम.
दाब १० बार: सुमारे १४.५ अँगस्ट्रॉम.
दाब २५ बार: सुमारे १२.५ अँगस्ट्रॉम.

एक बार म्हणजे साधारण आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब. २५ बारच्या पुढे अतिथंड हेलियम गोठायला लागतो, म्हणून तिथे थांबायचं. नुसत्या २५ बारमध्ये बुडबुड्याचं आकारमान मूळच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी झालं! त्याच वेळी इलेक्ट्रॉनच्या सगळ्यात खालच्या पातळीची ऊर्जा सुमारे ०.१०५ वरून ०.२४ इलेक्ट्रॉन व्होल्टवर गेली. दुपटीपेक्षा जास्त. पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला लागणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते, म्हणजे शोषण जास्त ऊर्जेकडे सरकतं. प्रयोगातही हेच दिसतं. नॉर्थबी आणि सँडर्स यांनी १९६७ मध्ये आणि ग्राइम्स आणि अॅडम्स यांनी १९९० मध्ये या बुडबुड्यांवर प्रकाश टाकून मोजमापं केली, आणि हे साधं मॉडेल बरंच चांगलं टिकतं.

तर नियम नंबर एक: दाब वाढला, पोकळी लहान झाली, शोषण निळ्याकडे सरकलं.

आता पाणी, आणि हजारो बार

पाणी हेलियमसारखं मऊ नाही. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत सुमारे दोन बार दाब असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी सुमारे अकराशे बार. आणि एक हजार बार दाब दिला तरी पाण्याचं आकारमान जेमतेम चार टक्के कमी होतं. खोलीच्या तापमानाला नऊ-दहा हजार बारपर्यंत पाणी द्रव राहतं, त्यानंतर त्याचा वेगळ्या जातीचा बर्फ होतो. म्हणजे प्रयोग करायला जागा भरपूर आहे, पण उपकरण तगडं लागतं. जाड पोलादी भांडं, प्रकाश आरपार जायला नीलमासारख्या कठीण स्फटिकाच्या खिडक्या, आणि इलेक्ट्रॉनचा झोत आतल्या पाण्यापर्यंत पोचेल अशी सोय. आणि हे सगळं मायक्रोसेकंदांच्या हिशोबात जुळवायचं.

१९७० च्या आसपास अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाच्या रेडिएशन लॅबोरेटरीत हेंट्झ, फरहतअझीझ आणि हॅन्सन यांनी हे केलं. ६.३ किलोबार, म्हणजे ६३०० बारपर्यंत हायड्रेटेड इलेक्ट्रॉनचा वर्णपट मोजला. निकाल? पट्टा निळ्याकडे सरकला. त्याच्या थोडं आधी जर्मनीत कार्ल्सरूअ इथे शिंडेवोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाखालच्या अमोनियातही हेच पाहिलं होतं. उलट, पाणी तापवलं की पट्टा लालकडे सरकतो. म्हणजे तापवल्यावर इलेक्ट्रॉन ऐसपैस होतो, दाबल्यावर आखडतो.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग सिद्ध. पोकळी आहे, दाबली, लहान झाली, संपला विषय. थांबा. इथेच खरी भानगड आहे.

पोकळी आहे की नाही?

२०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या लार्सन, ग्लोव्हर आणि श्वार्ट्झ यांनी सायन्स या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांनी विचारलं, हायड्रेटेड इलेक्ट्रॉन खरंच पोकळीत बसतो का? त्यांच्या संगणकीय मॉडेलमध्ये पोकळी नव्हतीच. इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंच्या मधूनच पसरलेला, आणि तो जिथे आहे तिथे पाणी उलट जास्त दाट झालेलं. म्हणजे इलेक्ट्रॉन पाण्याला ढकलत नाही, तर जवळ ओढतो.

आणि हे मॉडेल वेडगळ नव्हतं. त्यातून निघणारा वर्णपट प्रयोगाशी जुळत होता. तापमान वाढलं की पट्टा लालकडे सरकतो, हे तर त्यात चांगलं निघत होतं. पोकळीवाल्यांनी जोरदार आक्षेप घेतले, त्याला उत्तरं आली, त्यावर पुन्हा आक्षेप आले. बरीच वर्षं हा वाद चालला.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळे कोड, एकच टेस्ट केस, दोन्ही पास. अशा वेळी तीच टेस्ट शंभर वेळा चालवून काही कळत नाही. दोघांची उत्तरं वेगळी यायलाच हवीत अशी नवी टेस्ट लिहावी लागते.

ती टेस्ट म्हणजे आकारमान. पोकळीवाला इलेक्ट्रॉन पाण्यात टाकला तर पाणी फुगायला हवं. पोकळी नसलेला टाकला तर पाणी आकसायला हवं. नुसता कमी-जास्त फरक नाही, अधिक-उण्याचं चिन्हच वेगळं. इतकी स्वच्छ टेस्ट क्वचित मिळते.

पण मोजायचं कसं? मीठ विरघळवून पाण्याची पातळी बघतो तसं इथे करता येत नाही, कारण हायड्रेटेड इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदांत नाहीसा होतो. दोन वाटा आहेत.

पहिली वाट ध्वनीची. पाण्यात योग्य ते ऋण आयन घ्या, लेसरचा झटका द्या, आयनमधून इलेक्ट्रॉन सुटतो. त्याबरोबर पाणी फुगलं किंवा आकसलं तर दाबाची एक लाट निघते, आणि ती संवेदनशील मायक्रोफोनसारख्या उपकरणाने ऐकता येते. अडचण अशी की लेसरची उष्णताही पाणी फुगवते. मग ती वेगळी कशी करायची? इथे पाण्याचा एक जुना गुण कामी येतो, शाळेतला. चार अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी तापवलं तरी ते प्रसरण पावत नाही. त्या तापमानाजवळ उष्णतेचा आवाज बंद होतो आणि जे उरतं ते रचनेतल्या बदलाचं. मला हे फार आवडलं. अर्जेंटिनातल्या बोर्सारेली, बर्तोलोत्ती आणि प्रेव्हिताली यांनी अशा पद्धतीने २००३ मध्ये आकडा काढला: एका मोल हायड्रेटेड इलेक्ट्रॉनमागे सुमारे अधिक २६ घन सेंटीमीटर.

दुसरी वाट दाबाची. हायड्रेटेड इलेक्ट्रॉन ज्यात भाग घेतो असा एखादा समतोल घ्या, आणि दाब वाढवला की तो कुठे सरकतो ते बघा. अकरावी-बारावीत ले शातेलिएचं तत्त्व शिकलो ना, दाब वाढवला की समतोल कमी जागेच्या बाजूला झुकतो. ते नुसतं तत्त्व नाही, त्याचं गणित आहे. समतोल स्थिरांकाच्या लॉगमधला बदल म्हणजे वजा आकारमानातला फरक गुणिले दाब, भागिले वायू स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार. हिशोब करून बघू. समजा एखाद्या प्रक्रियेत आकारमान २६ घन सेंटीमीटर प्रति मोल वाढतं. दाब एक हजार बार, तापमान २५ अंश. गुणाकार येतो २६०० ज्यूल, भागायचं सुमारे २४८० ने. उत्तर एकच्या जरा वर. म्हणजे समतोल स्थिरांक जवळपास एकतृतीयांश होतो. एक हजार बारमध्ये! असा बदल मोजता येतो. आणि चिन्ह उलट असतं, तर स्थिरांक तिप्पट झाला असता. चूक होण्याची शक्यता कमी.

यात एक बारीक खोच आहे. कुठल्याही एकट्या आयनाचं आकारमान थेट मोजता येत नाही, कायम जोडीचंच मिळतं. म्हणून हायड्रोजन आयनाचं आकारमान एक ठरीव घेऊन त्यावरून बाकीच्यांचं काढतात, आणि त्या ठरीव आकड्यात थोडी वादाची जागा राहते. पण तो फरक काही घन सेंटीमीटरचा. अधिक २६ चं उणे करण्याइतका नाही.

म्हणजे निकाल पोकळीच्या बाजूने. एका मोल पाण्याचं आकारमान १८ घन सेंटीमीटर असतं. त्यामुळे २६ याचा अर्थ, एक इलेक्ट्रॉन आत आला की पाणी एका रेणूपेक्षा थोडं जास्त फुगतं. पोकळी अमोनियातल्यापेक्षा बरीच लहान आहे, कारण पाण्याचे रेणू जवळ दाटी करतात. पण ती आहे. पुढे २०२१ मध्ये लान, कपिल, रिबकिन आणि सहकाऱ्यांनी नेचर कम्युनिकेशन्समध्ये मशीन लर्निंग वापरून केलेलं सिम्युलेशन दिलं. त्यातही पोकळीच निघाली, आणि अणुकेंद्रकांचं क्वांटम वागणंही त्यात धरलेलं होतं.

उलट चाललेले द्रव

आता कोणी म्हणेल की सगळीकडे इलेक्ट्रॉन म्हणजे फुगवणारा. तसं नाही. काही द्रव बरोबर उलट वागतात.

हेक्झेन, टेट्रामिथाइलसिलेन असे तेलकट, विद्युतध्रुव नसलेले द्रव घ्या. टेट्रामिथाइलसिलेनमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकाट धावतो. हेक्झेनमध्ये तो वारंवार अडकतो, त्याची गती हजार पटीने कमी. आता अशा द्रवात कार्बन डायऑक्साइड थोडा मिसळा. मोकाट इलेक्ट्रॉन त्याला चिकटतो आणि एक ऋण आयन तयार होतो. अमेरिकेत ब्रुकहेवन इथे रिचर्ड होलरॉइड आणि जपानचे मासारू निशिकावा यांनी या प्रक्रियेवर दाबाचा परिणाम बरीच वर्षं अभ्यासला. त्यांना दिसलं की इथे आकारमान कमी होतं, आणि तेही प्रचंड, शेकडो घन सेंटीमीटर प्रति मोलच्या घरात.

कारण? मोकाट इलेक्ट्रॉनचा विद्युतभार द्रवभर पसरलेला असतो. तो एका रेणूवर बसला की भार एका जागी येतो, आणि त्याचं विद्युतक्षेत्र आजूबाजूच्या द्रवाला आत खेचतं. हे तेलकट द्रव सहज दाबले जातात, म्हणून आकसणं मोठं. मघाचंच गणित लावा. समजा आकारमान २०० घन सेंटीमीटर प्रति मोलने कमी होतं. एक हजार बारला समतोल सुमारे तीन हजार पटीने सरकतो. तीन हजार! पाण्यात तिसरा हिस्सा, इथे तीन हजार पट. कण तोच, दाब तोच, फक्त द्रव वेगळा.

म्हणून नियम नंबर दोन: दाब इलेक्ट्रॉनच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे इलेक्ट्रॉन ठरवत नाही. तो एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना द्रव फुगतो की आकसतो, यावर ते ठरतं.

आणि दाब आणखी एका आडवाटेनेही काम करतो. अमोनियातलं निळं द्रावण हळूहळू फिकं पडतं, कारण इलेक्ट्रॉन अमोनियाशी प्रक्रिया करून अमाइड आणि हायड्रोजन बनवतो. १९६५ च्या सुमारास जॉली आणि किर्श्के यांनी हे उलटं फिरवून दाखवलं. अमोनियातल्या तीव्र अल्कलीवर दाबाखाली हायड्रोजन दिला तर सॉल्व्हेटेड इलेक्ट्रॉन परत तयार होतात. इथे दाबाने पोकळी दाबली असं नाही. दाबाने जास्त हायड्रोजन द्रवात शिरवला. पेपर वाचताना हा फरक लक्षात ठेवा, दोन्हींना 'दाबाचा परिणाम' असंच म्हणतात.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न मला माझ्या घरूनच आधी आला, म्हणून उत्तर देतो.

अणुभट्टीत पाणी किरणोत्साराखाली असतं, आणि त्यात सतत हायड्रेटेड इलेक्ट्रॉन तयार होत असतात. सोबत हायड्रॉक्सिल रॅडिकल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे धातू खाणारे पदार्थही. आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या युनिटमध्ये जड पाण्याच्या दाबाखालच्या. त्या प्रकारात जड पाणी सुमारे शंभर बार दाबाखाली, तीनशे अंशांच्या जवळपास फिरतं. तिथला दाब इलेक्ट्रॉनची पोकळी दाबण्याइतका मोठा नाही. शंभर बार म्हणजे आपल्या हजारांच्या हिशोबात किरकोळ. तिथे दाबाचं काम पाण्याला द्रव ठेवण्याचं, आणि इलेक्ट्रॉनवर राज्य करतं ते तापमान. पाणी विरळ होतं, वर्णपट लालकडे जातो, प्रक्रियांचे वेग बदलतात. दाबाखालच्या अनेक भट्ट्यांत पाण्यात मुद्दाम थोडा हायड्रोजन ठेवतात, म्हणजे धातू खाणारे रॅडिकल त्याच्याशी प्रक्रिया करून संपतात. तो किती ठेवायचा, याचा हिशोब या सगळ्या वेगांवर अवलंबून असतो. इलेक्ट्रॉनचा वेग चुकीचा धरला तर पाइप किती वर्षं टिकेल याचा अंदाज चुकतो.

आणि हे काम फक्त परदेशात होतं असंही नाही. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सात मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा रेषीय त्वरक आहे. हार्ट आणि बोग यांनी केला तसला, पल्स रेडिओलिसिस नावाचा प्रयोग तिथे कित्येक वर्षं चालतो.

दुसरा उपयोग शरीराशी संबंधित. रेडिएशनचा मारा पेशीवर होतो तेव्हा त्यातला मोठा भाग आधी पाण्यावर पडतो, कारण पेशीत सगळ्यात जास्त तेच असतं. पुढे काय बिघडतं त्याची साखळी तिथून सुरू होते, आणि त्या साखळीच्या पहिल्या कड्यांत हायड्रेटेड इलेक्ट्रॉन आहे.

जाता जाता

या विषयातून मी कामासाठी एक गोष्ट उचलली. आमच्या टीममध्ये दोन डिझाइनवर वाद झाला की आता मी आधी विचारतो, दोघांचं उत्तर कुठे उलटं येतं? जिथे दोघंही सारखंच सांगतात तिथे कितीही आकडे गोळा केले तरी वाद संपत नाही. पाण्यातल्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत वर्णपटाचे उत्तम आकडे पन्नास वर्षं हाताशी होते. निकाल मात्र 'पाणी फुगलं की आकसलं' या साध्या प्रश्नाने लागला.

विषय संपलेला नाही. पोकळीच्या कडेला किती रेणू, चार की सहा, त्यातले किती हायड्रोजन आत वळलेले, इलेक्ट्रॉनचा किती भाग भिंतीतून बाहेर झिरपतो, तापमान आणि दाब दोन्ही एकदम बदलले तर काय, यावर अजून काम चालू आहे. चांगलं मॉडेल कुठलं, तर जे वर्णपट, आकारमान आणि तापमान या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर सांगेल.

हेलियमच्या बुडबुड्याचा कोड तुम्हीही लिहून बघा. पृष्ठताण दुप्पट करा, दाब बदला, त्रिज्या कशी हलते ते बघा. शून्य दाबाला १८.९ च्या आसपास आकडा आला तर समजा जमलं. वेगळा आला तर एककं तपासा, बहुतेक बार आणि पास्कलमध्ये गडबड असेल. शिक्षक मंडळी ऐकत असतील तर बारावीच्या वर्गात हा एक तास नक्की घ्या. लाट, पृष्ठताण, दाब आणि किमान ऊर्जा, चारही धडे एकाच गणितात येतात.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या संगणकाकडे. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटू.